चंद्रावरचा दगड दुरून कसा ओळखतात?

गेल्या कोजागिरीला मी ताईकडे वडोदऱ्याला गेले होते. गच्चीवर सोसायटीतली चारपाच मराठी कुटुंबे जमली होती. मोठ्या पातेल्यात मसाला दूध आटत होते आणि मुले सतरंजीवर आडवी पडून आकाशाकडे बघत होती. ताईच्या सासूबाई नेहमीप्रमाणे चंद्रावरच्या सशाची गोष्ट सांगत होत्या. गोष्ट संपली आणि माझी नऊ वर्षांची भाची माझ्याकडे वळली.

‘‘मावशी, ससा खरा नाहीये ते मला माहितीये. पण मग ते काळं काळं काय आहे?’’

‘‘दगड आहे गं,’’ मी म्हटले.

‘‘आणि पांढरं?’’

‘‘तेही दगडच.’’

‘‘मग एक काळा आणि एक पांढरा का? आणि तिथे न जाता कसं कळलं कुठला दगड आहे ते?’’

मी दुधाचा पेला तोंडाला लावला, कारण माझ्याकडे उत्तर नव्हते. दहावीनंतर मी कलाशाखा घेतली, पुढे इंग्रजीत बीए केले. विज्ञान हे ‘आपले काम नाही’ असे घरात सर्वांनी ठरवले होते आणि मीही ते मान्य करून टाकले होते. मुलांच्या प्रश्नांना ‘बाबांना विचार’ म्हणणाऱ्या कितीतरी मावश्या, काकू आणि आया आपल्या आजूबाजूला असतात. त्या रात्री मी भाचीला म्हटले, ‘‘मला थोडा वेळ दे, शोधून सांगते.’’ हा लेख म्हणजे त्या शोधाचा हिशेब आहे. तुमच्या घरातही असा प्रश्न विचारणारे कोणी असेल, तर तुमच्याही उपयोगी पडेल.

डाग नव्हे, दोन वेगवेगळे दगड

पौर्णिमेच्या चंद्राकडे नीट पाहिले तर दोन रंग स्पष्ट दिसतात. उजळ भाग आणि करडे-काळे पट्टे. जुन्या काळी युरोपातल्या खगोलशास्त्रज्ञांना हे काळे भाग समुद्र वाटले. १६५१ मध्ये रिचिओली या इटालियन अभ्यासकाने चंद्राचा नकाशा काढताना त्यांना शांततेचा समुद्र, पावसाचा समुद्र अशी नावे दिली. ती नावे आजही चालतात, जरी तिथे पाण्याचा एक थेंबही वाहत नाही.

हे काळे भाग बेसाल्टचे आहेत. बेसाल्ट म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेला काळा दगड. महाराष्ट्राशी नाते असलेल्या माणसाला तो नवीन नाही. सह्याद्रीचे कडे, रायगड, वेरूळची कैलास लेणी, जुन्या वाड्यांची जोती, सगळे याच जातीच्या दगडाचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. चंद्रावरचे ‘समुद्र’सुद्धा असेच लाव्हा पसरून बनले. फरक एवढाच की तिथला बहुतेक लाव्हा ३०० ते ४०० कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

उजळ भाग मात्र वेगळ्याच दगडाचा आहे. त्याचे नाव अ‍ॅनॉर्थोसाइट. हा जवळपास संपूर्णपणे एकाच खनिजाचा, म्हणजे प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारचा बनलेला असतो. त्यात कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर, लोह अगदी कमी. म्हणूनच तो फिकट दिसतो. पृथ्वीवर हा दगड तुलनेने दुर्मीळ आहे. आपल्या देशात तो तामिळनाडूत सेलमजवळच्या सित्तमपुंडी भागात सापडतो. चांद्रयानाच्या लँडरची चाचणी घेण्यासाठी चंद्रासारखी माती हवी होती, तेव्हा इस्रोने याच भागातला दगड दळून ती तयार केली.

म्हणजे भाचीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पण दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. तिथला दगड हातात न घेता त्यात लोह किती आणि अ‍ॅल्युमिनियम किती, हे कसे कळते?

गॅसच्या शेगडीवर मिळणारा पहिला धडा

स्वयंपाकघरात तुम्ही हे नक्की पाहिले असेल. मीठ घातलेले डाळीचे पाणी उतू जाऊन शेगडीवर सांडले की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. ही जादू मिठातल्या सोडियमची. सोडियम तापले की ठराविक पिवळा प्रकाश देते. दिवाळीच्या फटाक्यांतही हेच घडते. लाल रंग स्ट्राँशियमचा, हिरवा बेरियमचा. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक रंगाचाच प्रकाश देते, दुसऱ्याची नक्कल करत नाही.

म्हणजे रंग ओळखता आला तर पदार्थाला हात न लावताही त्यात काय आहे ते सांगता येते. दूरवरून रासायनिक विश्लेषण करण्याचे सगळे शास्त्र याच एका गोष्टीवर उभे आहे.

चंद्रावर शेगडी पेटवायला जाता येत नाही. ते काम सूर्य करतो. सूर्यातून प्रकाशासोबत क्ष-किरणही बाहेर पडतात. हे क्ष-किरण चंद्राच्या मातीवर आदळतात तेव्हा अणूच्या आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन उडून जातो. एखाद्या इमारतीत तळमजल्यावरचे घर रिकामे झाले की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खाली येतो, तसा वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेवर उतरतो. उतरताना दोन मजल्यांमधल्या फरकाइतकी ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या इमारतीत मजल्यांची उंची वेगळी, म्हणून बाहेर पडणारी ऊर्जाही वेगळी.

मॅग्नेशियमची ऊर्जा सुमारे १.२५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट, अ‍ॅल्युमिनियमची १.४९, सिलिकॉनची १.७४ आणि लोहाची ६.४. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानातले उपकरण हे किरण मोजते आणि कुठल्या ऊर्जेचे किती आले याचा हिशेब ठेवते. चंद्राला आपल्यासारखे वातावरण नाही, म्हणूनच हे शक्य होते. पृथ्वीवर असे किरण हवेतच विरून गेले असते.

तीन नजरा, तीन प्रकारची माहिती

शास्त्रज्ञ फक्त एका नजरेवर विसंबून राहत नाहीत. मुख्यतः तीन पद्धती वापरल्या जातात.

पहिली क्ष-किरणांची, जी आता पाहिली. ती मूलद्रव्ये सांगते. पण ती मातीचा अगदी वरचा, केसाच्या जाडीइतका थरच पाहते.

दुसरी अवरक्त किरणांची. सूर्यप्रकाश दगडावर पडून परत येतो तेव्हा खनिजे त्यातला काही भाग शोषून घेतात. पायरॉक्सिन नावाचे खनिज १ आणि २ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषते. ऑलिव्हिन १ मायक्रॉनजवळ रुंद खड्डा पाडते. स्पिनेल २ मायक्रॉनला ठळक दिसते, पण १ मायक्रॉनला जवळपास गप्प असते. त्यामुळे ही पद्धत मूलद्रव्यांऐवजी थेट खनिजांची ओळख पटवते.

तिसरी गॅमा किरणांची. थोरियम, युरेनियम आणि पोटॅशियमचा एक प्रकार हे स्वतःच किरणोत्सारी असल्याने सतत गॅमा किरण सोडत असतात. ही नजर काही सेंटिमीटर खोलवर पोहोचते, पण तिचे चित्र बरेच ढोबळ असते.

तिन्ही माहिती एकत्र केली की निदान होते. अ‍ॅल्युमिनियम आणि कॅल्शियम जास्त, लोह कमी असेल तर अ‍ॅनॉर्थोसाइट. लोह जास्त, अ‍ॅल्युमिनियम कमी असेल तर बेसाल्ट. त्यात टायटॅनियमही भरपूर असेल तर बेसाल्टची एक खास पोटजात. थोरियम आणि पोटॅशियम एकदम वाढले असतील तर ‘क्रीप’ नावाचा, चंद्राच्या आतल्या लाव्हाचा सर्वात शेवटी उरलेला गाळ. डॉक्टर जसे एकाच चाचणीवरून आजार ठरवत नाहीत, रक्त तपासतात, एक्स-रे काढतात आणि मग बोलतात, तसेच हे.

माणसाच्या आधी पोहोचलेली पेटी

चंद्रावर माणूस उतरला १९६९ मध्ये. पण तिथल्या दगडाची पहिली रासायनिक तपासणी त्याच्या दोन वर्षे आधीच झाली होती. सप्टेंबर १९६७ मध्ये अमेरिकेचे सर्व्हेयर-५ हे यान शांततेच्या समुद्रात उतरले. त्याने दोरीने एक छोटी पेटी जमिनीवर सोडली. शिकागो विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ अँथनी टर्केविच यांनी ती तयार केली होती.

त्या पेटीत क्युरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य होते. त्यातून सुटणारे अल्फा कण मातीवर आपटायचे आणि काही परत फिरायचे. रबरी चेंडू भिंतीवर मारला तर जोरात परत येतो, पण लटकवलेल्या पुठ्ठ्यावर मारला तर मरगळून येतो. तसेच जड अणूवर आदळलेला कण वेगाने परततो, हलक्या अणूवर आदळलेला मंद होतो. परतणाऱ्या कणांच्या वेगावरून मातीत काय काय आहे ते कळले. उत्तर आले, बेसाल्टसारखा दगड.

नोव्हेंबर १९६७ मध्ये सर्व्हेयर-६ दुसऱ्या एका काळ्या सपाट भागात उतरले. तिथेही तसेच उत्तर आले. मग जानेवारी १९६८ मध्ये सर्व्हेयर-७ मुद्दाम उजळ डोंगराळ भागात, टायको विवराजवळ उतरवले गेले. या वेळी पेटीने वेगळे सांगितले. इथे लोह कमी होते आणि अ‍ॅल्युमिनियम जास्त. म्हणजे काळा आणि पांढरा हा केवळ रंगाचा फरक नव्हता. दगडच वेगळा होता.

मूठभर मातीतले पांढरे कण

जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ चे अंतराळवीर सुमारे २१.५ किलो दगड-माती घेऊन परतले. ते बेसाल्टच्या भागात उतरले होते, त्यामुळे नमुने बहुतेक काळेच होते. पण मातीत अगदी थोडे, बारीक पांढरे कण मिसळले होते.

जॉन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कण वेगळे काढले. ते अ‍ॅनॉर्थोसाइटचे निघाले. त्यांनी विचार केला, हे कण दूरच्या डोंगराळ भागातून उल्कापातामुळे उडून इथे आले असणार. सर्व्हेयर-७ ने सांगितलेले रसायन या कणांशी जुळत होते. म्हणजे चंद्राचा सगळा उजळ भागच या दगडाचा असावा!

पण एवढा अ‍ॅनॉर्थोसाइट आला कुठून? त्यांनी आणि त्याच सुमारास शिकागोच्या जोसेफ स्मिथ यांनी एक धाडसी कल्पना मांडली. जन्मानंतर लगेचच चंद्र वितळलेल्या खडकाच्या महासागराने वेढलेला होता, शेकडो किलोमीटर खोल. तो थंड होताना जड खनिजे तळाशी बसली आणि हलके फेल्डस्पार वर तरंगले. दुधावर साय धरते ना, तसेच. ती साय म्हणजेच चंद्राचे पांढरे कवच. नंतर मोठमोठ्या उल्का आदळून त्यात खड्डे पडले आणि आतून लाव्हा येऊन ते खड्डे काळ्या बेसाल्टने भरले.

थोड्याशा पांढऱ्या कणांवरून एका संपूर्ण जगाच्या जन्माची कथा लिहिली गेली. पण ती खरी की नुसतीच सुंदर, हे ठरवायला चंद्रभर तपासणी हवी होती.

डोळे फसले, रसायन फसले नाही

१९७१ मध्ये अपोलो-१५ चे दोन अंतराळवीर, डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन, चंद्रावर फिरत असताना त्यांना एक पांढरा दगड सापडला. वजन जेमतेम २६९ ग्रॅम. तो जवळपास शुद्ध अ‍ॅनॉर्थोसाइट होता. वर्तमानपत्रांनी त्याला ‘जेनेसिस रॉक’, म्हणजे उत्पत्तीचा दगड, असे नाव दिले. त्याच वेळी तिसरे अंतराळवीर आल्फ्रेड वॉर्डन वर यानातून चंद्राला फेऱ्या मारत होते आणि त्यांच्या यानातले क्ष-किरण उपकरण खालच्या जमिनीची तपासणी करत होते. समुद्रांवरून जाताना अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण उतरायचे, डोंगराळ भाग आला की वाढायचे. खाली हातात मिळालेला दगड आणि वरून घेतलेले मोजमाप एकच गोष्ट सांगत होते.

मग आली एप्रिल १९७२ ची अपोलो-१६ मोहीम. ही गोष्ट मला सर्वात जास्त आवडली, कारण यात हुशार माणसे चुकली आणि त्यांनी ते मान्य केले.

अपोलो-१६ साठी देकार्त नावाचा डोंगराळ भाग निवडला होता. छायाचित्रे पाहून भूशास्त्रज्ञांचे मत झाले होते की इथले डोंगर आणि सपाट मैदाने ज्वालामुखीतून बनली आहेत. आकार तसाच दिसत होता. अंतराळवीरांना सरावही ज्वालामुखीचे दगड ओळखण्याचा दिला गेला. जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक तिथे उतरले, फिरले, आणि हवा तो दगड काही सापडेना. जिकडेतिकडे ब्रेशिया, म्हणजे उल्कापातात फुटलेले आणि पुन्हा एकमेकांना चिकटलेले तुकडे. अपोलो मोहिमांत आणलेला सर्वात मोठा दगड, ११.७ किलोचा ‘बिग म्युली’, याच मोहिमेतला आणि तोही ब्रेशियाच. वरच्या यानातले क्ष-किरण उपकरणही तेच सांगत होते. इथे अ‍ॅल्युमिनियम भरपूर आहे, हा बेसाल्टचा भाग नव्हे.

नुसत्या आकारावरून काढलेला निष्कर्ष फसला होता. तेव्हापासून दुसऱ्या ग्रहांचा अभ्यास करताना छायाचित्राला रसायनाची जोड हवी, हा धडा पक्का झाला. चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याची घाई करू नये असे आपल्याकडे म्हणतात. चंद्राच्या बाबतीतही ते खरे निघाले.

भारताची नजर

अपोलोच्या उपकरणांनी चंद्राचा जेमतेम दहावा हिस्सा पाहिला होता. उरलेल्या चंद्राचे काय? १९९४ मध्ये क्लेमेंटाइन या यानाने वेगवेगळ्या रंगांत छायाचित्रे घेतली आणि त्यावरून लोह-टायटॅनियमचे नकाशे तयार झाले. १९९८ मध्ये लूनर प्रॉस्पेक्टरने गॅमा किरणांनी पाहिले, तेव्हा थोरियम चंद्राच्या आपल्याकडे दिसणाऱ्या बाजूच्या पश्चिम भागातच एकवटले आहे हे कळले.

त्यानंतर २२ ऑक्टोबर २००८ ला आपले चांद्रयान-१ निघाले. त्यावर भारताच्या उपकरणांसोबत परदेशी उपकरणेही होती. त्यातले ‘एम क्यूब’ नावाने ओळखले जाणारे नासाचे खनिज-नकाशाकार उपकरण पाण्याच्या खुणा शोधल्यामुळे खूप गाजले. पण दगडांच्या अभ्यासकांना त्याने आणखी एक भेट दिली. चंद्राच्या मागच्या बाजूला, मॉस्को समुद्राच्या खोऱ्यात, स्पिनेल खनिज भरपूर असलेला एक नवीनच दगड दिसला. शास्त्रज्ञांनी त्याला ‘पिंक स्पिनेल अ‍ॅनॉर्थोसाइट’ म्हटले. नावात गुलाबी असले तरी तिथे गुलाबी डोंगर नाहीत. साध्या छायाचित्रात तो भाग आजूबाजूसारखाच दिसतो. वेगळेपण कळते ते फक्त अवरक्त नजरेला.

चांद्रयान-१ वर ब्रिटन आणि इस्रोने मिळून बनवलेले क्ष-किरण उपकरणही होते. पण नशीब आडवे आले. २००८-०९ मध्ये सूर्य कमालीचा शांत होता. सौरज्वाला जवळपास उठतच नव्हत्या. शेगडीच मंद, तर डाळ शिजणार कशी? थोड्याफार ज्वाला उठल्या तेवढ्यात जमेल ते मोजले गेले आणि ऑगस्ट २००९ मध्ये यानाशी संपर्क तुटला.

त्यावरून शिकून चांद्रयान-२ वर ‘क्लास’ हे अधिक मोठे क्ष-किरण उपकरण बसवले गेले. ते बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राने तयार केले. सूर्यातून नेमके किती क्ष-किरण येत आहेत हे मोजणारे वेगळे उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने बनवले. शेगडीची आच माहीत असेल तरच पदार्थाचा अंदाज बरोबर येतो, हा त्यामागचा विचार. सप्टेंबर २०१९ मध्ये विक्रम लँडर हरवले तेव्हा आपण सगळेच हळहळलो. पण वर फिरणारे यान सुखरूप होते आणि आपले काम करत राहिले. नंतरच्या वर्षांत सूर्यही हळूहळू जागा झाला आणि ज्वाला भरपूर उठू लागल्या. २०२२ मध्ये ‘क्लास’ने चंद्रावरच्या सोडियमचा नकाशा दिला. तेच सोडियम, जे आपल्या शेगडीची ज्योत पिवळी करते.

प्रज्ञानचे २३ थांबे

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ तुम्हालाही आठवत असेल. चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या दिशेने, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. त्यातून प्रज्ञान हा २६ किलोचा, सहा चाकांचा रोव्हर बाहेर आला. आपल्यापैकी बहुतेकांचे लक्ष तिथपर्यंतच राहिले. पण खरे काम त्यानंतर सुरू झाले.

प्रज्ञानवर अहमदाबादच्याच प्रयोगशाळेत तयार झालेले एक उपकरण होते. त्यातही क्युरियम वापरले होते, जसे १९६७ च्या पेटीत होते. रोव्हर थोडे चालायचा, थांबायचा, उपकरण जमिनीजवळ न्यायचा आणि मोजायचा. सुमारे १०३ मीटरच्या प्रवासात त्याने अशी २३ मोजमापे घेतली.

एवढ्या दक्षिणेला जमिनीवरून कोणीही चंद्राची माती तपासली नव्हती. अपोलोचे सगळे नमुने विषुववृत्ताच्या आसपासचे होते. म्हणजे ‘दुधावरच्या सायी’ची कथा सगळ्या चंद्राला लागू आहे की फक्त मधल्या पट्ट्याला, हा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही उरला होता. उत्तर वेगळे आले असते तर चंद्राच्या जन्माची पाठ्यपुस्तकातली गोष्ट पुन्हा लिहावी लागली असती.

ऑगस्ट २०२४ मध्ये संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिथली माती फेरोअन अ‍ॅनॉर्थोसाइट या दगडापासून बनलेली आहे आणि २३ ही ठिकाणी ती जवळजवळ सारखीच आहे, असे त्यांनी दाखवले. ‘फेरोअन’ या शब्दाने गोंधळू नका. या दगडात लोह भरपूर असते असे नाही. त्यात जी थोडी गडद खनिजे असतात, त्यांत मॅग्नेशियमच्या तुलनेत लोहाचा वाटा मोठा असतो, एवढाच त्याचा अर्थ. थोडक्यात, साय तिथेही होती. मॅग्मा महासागराची कल्पना आणखी एका परीक्षेत पास झाली.

पण एक गोष्ट अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली. शुद्ध अ‍ॅनॉर्थोसाइटमध्ये असायला हवे त्यापेक्षा मॅग्नेशियम जास्त होते. ते कुठून आले? उतरण्याच्या जागेपासून काहीशे किलोमीटरवर दक्षिण ध्रुव-एटकेन नावाचे प्रचंड खोरे सुरू होते, सुमारे २५०० किलोमीटर रुंद. ते ज्या आघाताने बनले त्यात चंद्राच्या खोल थरांतला माल उडून आजूबाजूला पसरला असावा आणि तोच या मातीत मिसळला असावा, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. सायीखालचे दूध चमच्याने वर आल्यासारखे.

दुरून न कळणारे

हे सगळे वाचून वाटेल की आता चंद्रावर जाण्याची गरजच काय? तसे नाही. यानाची नजर मोठ्या प्रदेशाची सरासरी सांगते. ‘क्लास’च्या एका मोजमापात साधारण १२.५ किलोमीटर रुंद तुकडा येतो. त्या तुकड्यात दोन दगड मिसळलेले असतील तर उत्तरही भेळेसारखे येते. शिवाय दगड किती जुना आहे हे वरून घेतलेल्या रसायनावरून थेट कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत आणावाच लागतो.

याचे ताजे उदाहरण चीनचे. डिसेंबर २०२० मध्ये चांग-ई-५ ने १.७ किलो माती आणली. तिच्यातला बेसाल्ट फक्त २०० कोटी वर्षांचा निघाला, म्हणजे अपोलोच्या बेसाल्टपेक्षा १०० कोटी वर्षांहून लहान. चंद्र समजले जात होते त्यापेक्षा कितीतरी उशिरापर्यंत आतून गरम होता. तो भाग तुलनेने तरुण असावा हा अंदाज आधीच होता, नेमके वय मात्र हातात दगड आल्यावरच कळले.

म्हणूनच आपल्या सरकारनेही सप्टेंबर २०२४ मध्ये चांद्रयान-४ ला मंजुरी दिली. चंद्रावरची माती भारतात आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. कुठे उतरायचे, कुठली माती उचलायची, हे ठरवताना आज वरून बनवलेले नकाशेच कामी येतील.

मुलांसोबत करून पाहा

हा विषय घरी आणायचा असेल तर फार खर्च नाही. पौर्णिमेच्या रात्री साध्या दुर्बिणीतून चंद्र पाहा आणि मुलांना काळे-पांढरे भाग कागदावर काढायला सांगा. मोठ्यांच्या देखरेखीखाली, ओल्या चमच्याच्या टोकावर चिमूटभर मीठ घेऊन गॅसच्या ज्योतीत क्षणभर धरा. पिवळा रंग दिसला की सांगा, सोडियम भेटले.

महाराष्ट्रात गेलात तर बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर जरूर दाखवा. बेसाल्टमध्ये उल्का आदळून बनलेले हे सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवर आहे. चंद्रावरच्या काळ्या भागात असलेल्या विवरांचा जवळचा नातेवाईकच तो. आणि घरात महाविद्यालयात शिकणारे कोणी असेल तर त्यांना सांगा की चांद्रयानाची माहिती इस्रोच्या ‘प्रदान’ या संकेतस्थळावर नोंदणी करून अभ्यासासाठी मिळते. त्यासाठी मोठ्या संस्थेत असण्याची गरज नाही.

आणि भाचीचे काय?

दोन आठवड्यांनी मी तिला व्हिडिओ कॉल केला. शेगडीपासून प्रज्ञानपर्यंत सगळे सांगितले. मध्येच अडखळले तेव्हा ‘हे मला अजून नीट समजलेलं नाही’ असेही सांगितले. तिला त्याचे काही वाटले नाही. मलाच इतकी वर्षे उगाच वाटत होते.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग मागे वळून ओरडली, ‘‘आजी, तुझा ससा खोटा नाहीये गं. तो बेसाल्टचा आहे. आपल्या रायगडासारखा!’’

पलीकडून आजींचा आवाज आला, ‘‘मग बरंच झालं की. मजबूत आहे म्हणायचा.’’